आळ आलेल्या हातांची रहस्यकथा

मराठी रहस्यकथेचा नायक वर्षानुवर्षं मुंबईत राहिला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड घरोघरी पोचले. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी पुढच्या पिढ्यांना पुस्तकांची गोडी लावली. समीक्षकांनी या लेखकांकडे पाठ फिरवली, तो अन्याय होता असंच मी मानतो. पण त्यांच्या कथा आठवताना डोळ्यांपुढे पिस्तूल येतं, गाडी येते, वेषांतर येतं. डाव आणि परात येत नाहीत. मराठी रहस्यकथेने आता मागीलदारी यायला हवं, हे मला आजच्या सदरात आग्रहाने सांगायचं आहे.

अमेरिकेत हे होऊन बराच काळ लोटला. डायन मॉट डेव्हिडसन या लेखिकेची ‘केटरिंग टू नोबडी’ ही कादंबरी 1990 साली आली. तिची नायिका गोल्डी कोलोरॅडोतल्या एका लहान, काल्पनिक गावात केटरिंग करते. छळणाऱ्या डॉक्टर नवऱ्यापासून ती वेगळी झाली आहे, पदरी मुलगा आहे. एका अंत्यविधीनंतरच्या जेवणाची ऑर्डर ती घेते आणि तिथेच तिच्या माजी सासऱ्यावर विषप्रयोग होतो. पोलीस तिचा धंदा बंद करतात. गोल्डी तपासाला लागते ती चूल पुन्हा पेटवण्यासाठी. हौशी गुप्तहेराला दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं कारण काय, हा या प्रकारच्या कथांचा जुनाच अडसर आहे. गोल्डीच्या बाबतीत तो उरतच नाही, कारण आळ तिच्या अन्नावर आलेला असतो.

ही गोष्ट भाट्याला घडते अशी कल्पना करून पाहा. रत्नागिरी शहर मागे टाकून पूल ओलांडला की काजळी नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. सुरूचं बन, सरळ किनारा, झरीविनायकाचं देऊळ, 1955 पासूनचं नारळ संशोधन केंद्र आणि पुढे पावसला जाणारा रस्ता. गाव एवढं लहान की जेवणाची ऑर्डर घेणारी बाई प्रत्येक घर ओळखते. किती पानं करायची हे तिला चार दिवस आधी सांगावंच लागतं, त्यामुळे यंदा कोणत्या भावाला बोलावणं नाही हे गावाच्या आधी तिला कळतं. जिलबी कोणाला वर्ज्य, कोणाचा उपास, कोणाचं पान न उष्टावता परत आलं, हेही तीच पाहते. पोलीस आले तर ते पडवीत खुर्चीवर बसणार आणि घरातला कर्ता पुरुष त्यांना नीट जुळवलेली हकिकत सांगणार. ही बाई त्या वेळी मागीलदारी भांडी मोजत असते आणि तिथे माणसं खरं बोलतात.

तिच्याकडे विद्याही आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा कोकमाचं सार राहिलं तर ते कळकतं, धातू त्यात उतरतो आणि खाणाऱ्याला मळमळून उलट्या होतात. वाडीची, देवळाची मोठी भांडी अजून वापरात आहेत, कल्हईवाले मात्र दुर्मीळ झाले. उलट्या एका-दोन तासांत सुरू झाल्या तर संशय कळकण्यावर, किंवा हाताच्या जखमेतून अन्नात गेलेल्या जंतूंनी सोडलेल्या विषावर. दुसऱ्या दिवशी ताप येऊन जुलाब लागले तर गोष्ट वेगळी. हळदीच्या पिवळ्या भाजीवर तांबूस छटा आली तर त्यात सोडा किंवा चुना पडला आहे, हे तिला प्रयोगशाळेच्या आधी दिसेल. तिचा पहिला प्रश्नही नेमका असेल: मठ्ठा कोणी घेतला नाही? 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनीही आजारी न पडलेल्यांचा माग काढला. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले होते, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. पंगत वाढणाऱ्या बाईला हा विचार आपसूक सुचतो, कारण कोणी काय नाकारलं हे तिच्या ध्यानात असतं.

खुनाचीच गोष्ट हवी असेल तर तेही सामान इथे आहे. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात औषधं तयार करायचं काम शिकल्या आणि 1920 साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत त्यांनी स्ट्रिक्निन वापरलं. ते ज्या बियांत असतं तो काजरा कोकणातल्या रानात वाढतो. पण बी जहाल कडू. ते खिरीत मिसळलं होतं असं कोणी सांगू लागला, तर आपली बाई पहिल्या वाक्याला त्याचं खोटं पकडेल. खाडीही साक्ष देईल. भाट्याच्या खाडीचं मुख गाळाने भरलेलं आहे, बोटींना भरतीची वाट पाहावी लागते आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. काल सहाला आलो, आजही सहालाच आत शिरलो, असं म्हणणाऱ्याचं गणित मासळी घेणाऱ्या बाईपुढे टिकत नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दिवसांत ताजी म्हणून आलेल्या सुरमईचे कल्ले ती आधी उघडून बघेल.

मला खरी काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. या प्रकारच्या कथेला गाव गोड दाखवायची सवय असते. सगळे एकमेकांचे, गुन्हेगार तेवढा एकच वाईट, तो पकडला की पुन्हा चहा. रत्नागिरीच्या परिसरात असं लिहिणं खोटं ठरेल. कोणाच्या हातचं कोणी खायचं, यावर या शहरात उघड झगडा झाला आहे. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर 1931 साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुलं झालं, त्याच काळात सावरकरांनी सहभोजनं घडवली आणि त्यांना विरोधही झाला. म्हणून लेखकाने आधी ठरवावं की ही बाई कोणाची आहे, कोणत्या घरात तिला चुलीपर्यंत जाता येतं आणि कोणत्या घरात तिचे टोप अंगणातच उतरवून घेतात. जिथे ती पोचत नाही तिथलं रहस्य तिला दुसऱ्या कोणाकडून कळायला हवं आणि कथेला खरं वळण तिथे मिळेल. पंगतीत काही विपरीत घडलं की गावाचं बोट आधी कोणाकडे वळतं, हेही लिहायला हवं. आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेला नेपाळी गडी, खाडीपलीकडच्या राजिवड्यातून मासळी घेऊन आलेला मुसलमान पोरगा आणि मग स्वयंपाकीण. ती स्वतः संशयितांच्या रांगेत उभी असेल तर बाकीच्या दोघांवरचा आळ खोटा आहे हे तिला लवकर उमगेल. ते उघड बोलायची किंमतही तिलाच द्यावी लागेल, पुढच्या लग्नसराईत ऑर्डरी गमावून.

अशी कथा लिहायला पोलिसी कारवाईच्या माहितीपेक्षा शंभर पानांच्या मसालेभाताला तांदूळ किती लागतो हे ठाऊक असलेला माणूस हवा. कोकणात अशा बाया गावोगाव आहेत. बचत गटातून ऑर्डर घेतात, हिशेब वहीत मांडतात, पहाटे तीनला नारळ खवायला बसतात. दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा रहस्यकथा मागवताना नेहमीच्या नावांसोबत यांच्यापैकी कोणाला तरी विचारावं. लिहायला सवड नसेल तर तिच्याजवळ बसून ऐकावं, लिहून घ्यावं आणि कथेवर तिचं नाव छापावं.