आरोग्यविचार : क्षय आणि आपल्या टी-पेशी

क्षयाचा जंतु छातींत शिरला म्हणजे क्षय झालाच, ही समजूत बरोबर नव्हे. फुफ्फुसांतील भक्षक पेशी जंतूस गिळतात. परंतु तो त्यांच्या पोटांतहि जिवंत राहूं शकतो. तेव्हां टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून त्या भक्षकांस बळ देतात व जंतूभोंवतीं कोट उभा राहतो. म्हणूनच संसर्ग झालेल्यांपैकीं शेंकडा ५ ते १० जणांसच पुढें रोग जडतो. एचआयव्ही वा कुपोषण यांनीं टी-पेशी खंगल्या कीं कोट ढांसळतो. झारखंडांतील प्रयोगांत (२०२३) रुग्णांच्या कुटुंबियांस पोषक शिधा दिल्यानें त्यांच्यांतील क्षय शेंकडा सुमारें ४० नीं घटला. सबब, घरांत क्षयरोगी असल्यास सर्वांनीं तपासून घ्यावें; आणि शेवटच्या पंगतीस बसणाऱ्या सुनांच्या पानांत काय उरतें, हेंहि वडीलधाऱ्यांनीं पाहावें, अशी आमची विनंति आहे.