दोन खिडक्या आणि एक पावती

दिवाळी अंकात काहीतरी प्रसन्न लिहावे असा संकेत आहे, आणि संपादकांनी तशी आठवणही दिली आहे. पण वाचकहो, माझा यंदाचा पावसाळा ज्या विषयात गेला तो मुळीच प्रसन्न नाही. बंद पडलेला मोबाइल फोन घेऊन माणसाने कोणाच्या दारात जावे, हा तो विषय. तुमच्याही घरी तो केव्हातरी येणारच आहे. म्हणून फराळाच्या ताटाशेजारी तो वाढण्याचे धाडस करतो.

माझी आत्या मुळशी धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका वाडीत राहते. वय ७८. यजमान गेले, मुलगा बंगळूरला. पुण्याला ये म्हटले की ती म्हणते, "इथल्या भिंती मला ओळखतात रे. तुमचा वॉचमन दर वेळी नाव विचारतो." वडील गेल्यापासून तिची भाऊबीज मी सांभाळतो. मागल्या दिवाळीत ओवाळणी म्हणून मी तिच्या ताटात नवा फोन ठेवला. तिने तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "लुगडं परवडलं असतं. ते बंद तरी पडत नाही."

आषाढातल्या एका रात्री मागल्या अंगणातल्या ओल्या फरशीवर ती घसरली. मनगट मोडले. फोन जवळच होता. पण त्यातून ना पुण्याला आवाज गेला, ना शेजारच्या घरी. पहाटे डेअरीचे दूध गोळा करणारा मुलगा येईपर्यंत, म्हणजे चांगले पाच तास, ती ओसरीच्या पायरीला टेकून बसून होती. त्या मुलाने स्वतःच्या फोनवरून मला कळवले, "सर, आजी पडल्यात." पौडला नेऊन हात प्लास्टरमध्ये घातला, आणि मग मी फोनच्या मागे लागलो.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. कारण फोनच नव्हता. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, मग ते काळे यंत्र घरात यावे. पण एक सोय होती. तार सरकारची, खांब सरकारचा आणि यंत्रही सरकारचे. बंद पडला तर १९८ फिरवायचा. लाइनमन आठ दिवसांनी येई, पण हा दोष माझा नव्हे असे त्याला म्हणता येत नसे. आणि दिवाळीला पोस्त मागायला तोच दारात उभा राहणार, हे त्यालाही ठाऊक होते, आम्हालाही.

आता खिडक्या दोन झाल्या. लाइन एकाची, यंत्र दुसऱ्याचे. मध्यंतरी दोन्ही एका छपराखाली आणण्याचे प्रयत्न झाले. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हाती दिला. तो त्यांच्याच लाइनवर चाले. २०१७ साली जिओने १५०० रुपये अनामत घेऊन साधा फोन दिला. पण आपल्याकडची सर्वसाधारण रीत दुकानातून यंत्र घ्यायचे आणि कार्ड वेगळे घालायचे, हीच राहिली. रीत स्वस्त आहे. तिची किंमत यंत्र बिघडल्यावर कळते.

मी प्रथम लाइनच्या खिडकीशी गेलो. तिथल्या तरुणाने संगणकात पाहून सांगितले, "सर, त्या भागात आमचं नेटवर्क उत्तम आहे. हँडसेट बघून घ्या." मी यंत्राच्या खिडकीशी गेलो. तिथल्या तरुणीने फोन तासभर आत ठेवून परत दिला. "सर, हँडसेट ओके आहे. नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल." दोघेही अत्यंत विनयशील. वर्गात मी यमकाची उदाहरणे देतो; इतके शुद्ध यमक मला क्वचितच आढळले आहे.

पहिल्या खिडकीने मग कार्ड बदलून दिले. त्यानेही काही होईना, तेव्हा मी चिडून कंपनीच बदलायला निघालो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० या क्रमांकावर संदेश धाडायचा, संकेतांक मिळवायचा. तो मिळेना. चौकशीअंती कळले की १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे कार्ड बदलल्यावर सात दिवस कंपनी बदलता येत नाही. दुसऱ्याचा नंबर चोरणाऱ्या भामट्यांसाठी हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. फक्त त्या सात दिवसांत भामटा मी ठरलो होतो.

ही कोंडी फोडली ती दूधवाल्या मुलाने. तो म्हणाला, "सर, आजींचं कार्ड माझ्या फोनात घालून बघा की." घातले. त्याच ओसरीवरून फोन खणखणीत लागला. मग त्याचे कार्ड आत्याच्या फोनात घातले. सगळे थंड. पाच मिनिटांत निकाल लागला: दोष यंत्रात. दोन खिडक्यांमध्ये तीन आठवडे हेलपाटे घालणाऱ्या एम. ए. माणसाला हे सुचू नये, याची मला थोडी लाज वाटली. वाचकहो, खिडकी गाठण्यापूर्वी एवढा प्रयोग करा आणि तारीख घालून लिहून ठेवा.

यंत्राच्या खिडकीने आता पावती मागितली. पावती माझ्याकडे नव्हती. खोक्यासकट आत्याला दिली होती. भीत भीत तिला विचारले. तिने डाव्या हाताने ट्रंक उघडली. सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेली फोनची पावती होती. "अरे, आमच्या घरात कागद टाकत नाहीत," ती म्हणाली. तिच्या सासरची शेती मुळशीच्या पाण्याखाली आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे ज्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्यांच्या मुलखातली ही माणसे. धरण व्हायचे ते झाले, आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून वीज मुंबईकडे जाऊ लागली. इथे कागद उरले. कागदाची किंमत या घराला कोणी शिकवावी लागत नाही.

पावती पाहून तरुणीने नवे कारण काढले: आत पाणी गेले आहे, हमीत बसत नाही. ताम्हिणीच्या पावसाळ्यात पाणी हवेतच असते, हे मी तिला सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "हे लेखी द्या." ती आत गेली. बऱ्याच वेळाने एक साहेब बाहेर आले आणि पुन्हा तपासतो म्हणाले. त्याच संध्याकाळी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. हमीचे बारा महिने या दिवाळीला संपत होते; गणपतीच्या आधी फोन बदलून मिळाला.

या खटपटीत जे कळले ते आता थोडक्यात सांगतो. आपल्याकडे बीएसएनएल, एअरटेल, जिओ आणि व्होडाफोन आयडिया या चार लाइनी. कोणाची ग्राहकसेवा चांगली, असे मला जो तो विचारतो. तक्रारीचे नियम चौघांनाही एकच आहेत. १२१ हा माहितीचा क्रमांक, १९८ तक्रारीचा. आपण १२१ वर अर्धा तास भांडतो, आणि नोंद कुठेच होत नाही. १९८ वर तक्रारीला क्रमांक मिळतो. तो लिहून घ्यावा. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते, आणि ते ३९ दिवसांत निकालात निघाले पाहिजे. चाळीस नव्हे, एकोणचाळीस. बाटाच्या जोड्याच्या किमतीसारखे. लाइन निवडताना मात्र जाहिरात पाहू नये. तुमच्या घरी येणाऱ्या पोस्टमनला किंवा दूधवाल्याला त्याचा फोन तुमच्या ओसरीवर लागतो का, ते विचारावे.

यंत्राच्या बाबतीत 'बदलून मिळेल' हा शब्द जपून वाचावा. कंपनीची हमी बहुधा दुरुस्तीची असते. बदलून देण्याची मुदत पहिल्या थोड्या दिवसांची. पण कंपनीच्या कागदावर कायद्याचा कागद असतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. माल सदोष ठरला तर दोष काढून द्या, नवा द्या किंवा पैसे परत करा, असा हुकूम ग्राहक आयोग देऊ शकतो. आपल्या पुण्यात 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दुकानाच्या नावाहून मोठी असते. सदोष मालापुढे ती पाटी चालत नाही. पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, असा माल परत घ्यायला नाकारणे ही कायद्याने अनुचित प्रथा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, वकिलाशिवाय करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. लाइनीच्या कंपन्या या कायद्याबाहेर आहेत असा एक समज होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही दूर केला.

लाइनमनचे दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. त्या दिवसांत ताम्हिणीच्या वाडीत फोनच नव्हता. पण तेव्हा दोषाला एक चेहरा होता. आता समोर दोन खिडक्या, दोन्हीकडे गोड आवाज, आणि मध्ये आपण. तिथे आपल्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे कागद.

परवा आत्याला नवा फोन द्यायला गेलो. हात बरा आहे, पण चकली पाडताना दुखतो म्हणाली. फोनला तिने हळदकुंकू लावले, माझ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला.

"पावती?"

मी खिशातून काढून दिली. तिने ती सातबाऱ्याशेजारी ठेवली, ट्रंक बंद केली आणि मगच चहाला आधण ठेवले.