भूतकाळाचीं रूपें

चिंचोटीहून वसईचा किल्ला कांहीं फार दूर नाहीं. त्या किल्ल्याच्या मुलखावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांपैकीं १५८० ते १६४० हीं साठ वर्षें पोर्तुगालचें सिंहासनच स्पेनच्या राजाकडे असल्यामुळें वसईचा धनीही तोच होता. इतक्या दीर्घ सहवासानें मराठीस काय लाभलें? पाव, चावी, बटाटा अशीं नामें लाभलीं. परंतु क्रियापदाचा एकही काळप्रत्यय लाभला नाहीं. नामें उसनीं मिळतात. क्रियापदाचीं रूपें मात्र ज्याचीं त्यानें श्रमून मिळवावीं लागतात.

स्पॅनिश शिकूं इच्छिणाऱ्या विद्यार्थिबंधुभगिनींस हें प्रारंभींच सांगावेंसें वाटतें. नियमित धातूचा भूतकाळ कठीण नाहीं. ‘आब्लार’ म्हणजे बोलणें. शेवटचा ‘आर’ काढून उरलेल्या अंगास प्रत्यय लावीत गेलें कीं आब्ले, आब्लास्ते, आब्लो. आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन अशीं सहा रूपें सिद्ध होतात. ज्यांच्या अंतीं ‘एर’ किंवा ‘इर’ असतो, त्या दोन्ही वर्गांस प्रत्ययांचा दुसरा एकच संच पुरतो. ‘कोमेर’ म्हणजे खाणें. त्याचीं रूपें कोमी, कोमिस्ते, कोमिओ. कोमिमोस, कोमिस्तेइस, कोमिएरोन. आघाताकडे मात्र लक्ष हवें. आरंभीं आघात दिला तर ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतों’. तोच शेवटीं दिला कीं ‘तो बोलला’!

हें कोष्टक घोकून टाकावें, असें पुष्कळांचें मत आहे. आम्ही पाठांतराचे द्वेष्टे नाहीं. पाढे पाठ केल्यावांचून हिशेब कोणास आला? परंतु प्रत्यय काय सांगतो हें न कळतां केलेलें पाठांतर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशींच विरून जातें. स्पॅनिश प्रत्यय ‘कोणीं केलें?’ याचें उत्तर देतो. म्हणून कर्ता उच्चारला नाहीं तरी चालतें. मराठी सकर्मक क्रियापद ‘काय केलें?’ इकडे पाहतें. चिंचोटीच्या धबधब्यावर सहलीस गेलेला मुलगा ‘मीं भात खाल्ला, भाकरी खाल्ली, केळें खाल्लें’ असें म्हणेल. स्पॅनिशमध्यें तिन्ही ठिकाणीं ‘कोमी’ हें एकच रूप. तसेंच मुलगा ‘मी बोललों’ म्हणतो व मुलगी ‘मी बोललें’ म्हणते. हा भेदही स्पॅनिश जाणत नाहीं. स्वभाषेच्या आरशांत हा फरक ज्यानें पाहिला, त्याची निम्मी वाट सरली.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकानें हाच मार्ग उलट दिशेनें आक्रमिला. त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यांनीं पोर्तुगीज भाषेंत लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राचोल येथें छापलें गेलें. एका परक्यानें आमचीं रूपें इतक्या आस्थेनें जुळविलीं. मग आम्हीं स्वतःचीं न ओळखतां परक्यांचीं नुसतीं घोकावीं काय? शाळांतून परकी भाषा अवश्य शिकवावी. पण तिच्या भूतकाळाचा पहिला तास मराठीचा असावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.