उवा झाल्या म्हणून लेकराला वेगळे बसवू नका

जून महिन्यात शाळा भरतात आणि महिना-दीड महिन्यात आपल्या वस्त्यांमध्ये दरवर्षीची तक्रार सुरू होते. पोरगी सारखी डोके खाजवते. माय केस उकलून पाहते, तर उवा आणि लिखा. मग घरात लेकराला बोलणी बसतात आणि एखाद्या वर्गात त्याला शेवटच्या कोपऱ्यात एकटे बसवले जाते. उवा दोन-तीन आठवड्यांत जातात. चारचौघांत झालेला अपमान मात्र लेकरू मोठे झाले तरी विसरत नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की डोक्यातून उवा काढायच्या, वर्गातून लेकरू काढायचे नाही.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. उवा घाणीमुळे होत नाहीत. ऊ मळावर जगत नाही, माणसाच्या रक्तावर जगते. तिला पंख नसतात, उडी मारता येत नाही. दोन डोकी एकमेकांना टेकली की ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. लेकरे डोक्याला डोके लावून खेळतात, एकाच मोबाईलमध्ये पाहतात, एका गोधडीत झोपतात, म्हणून उवा लेकरांना जास्त होतात. नुसत्या पाण्याने ऊ मरतही नाही. पाण्याखालीसुद्धा ती केसाला कितीतरी तास घट्ट धरून राहते. जालना शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येते आणि उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत टँकरपुढे किती हंडे लागतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण पाणी कमी म्हणून उवा झाल्या, असे म्हणून कोणत्याही माऊलीने मान खाली घालू नये.

उवा गरीब-श्रीमंत पाहत नाहीत. इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगरात सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघून जावोत, अशी इच्छा तिच्यावर कोरलेली आहे. हा लेख संशोधकांनी २०२२ मध्ये वाचून प्रसिद्ध केला. हस्तिदंताची फणी गरिबाच्या घरात नसते. म्हणजे उवा त्या काळच्या धनवानांनाही होत्या.

तरीही ‘वस्तीतली पोरे घाण असतात’ असे बोलणारे आजही भेटतात. लेकराला वेगळे बसवण्याचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागत होते. उवांच्या निमित्ताने का होईना, वर्गात वेगळे गोणपाट पुन्हा पसरले जाऊ नये, याची काळजी आपणच घेतली पाहिजे.

एखादे शिक्षक म्हणतील, ‘बाकीच्या मुलांना होतील, मग वेगळे बसवले तर काय चुकले?’ चूक अशी की त्याचा उपयोग होत नाही. पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. आपल्याला कळेपर्यंत ते लेकरू महिनाभर सगळ्यांबरोबर बसलेले, खेळलेले असते. त्या दिवशी कोपऱ्यात बसवून काय थांबणार? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही उवांसाठी मुलांना शाळेतून घरी पाठवू नये, असेच सांगते. डोक्यातल्या उवांमुळे कोणताही रोग पसरत नाही. खाजवून जखमा होतात, त्या पिकतात आणि झोपमोड होते, एवढा त्यांचा त्रास आहे. तो कमी नाही, पण त्यासाठी शाळा बुडवण्याची गरज नाही.

आता उवा ओळखायच्या कशा ते पाहू. लेकराला उन्हात बसवा. केसांना तेल लावून बारीक भांग पाडत कानांच्या मागे आणि मानेवरच्या केसांत आधी बघा. मोठी ऊ तिळाएवढी असते आणि उजेड पडला की पळते. लीख केसाच्या मुळाशी चिकटलेली असते. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही, नखाने ओढून काढावी लागते. हाच दोघांतला फरक. मुळापासून अर्ध्या सेंटिमीटरहून लांब असलेल्या पांढऱ्या लिखा बहुतेक वेळा रिकाम्या असतात. चालती ऊ दिसली तरच उपचार सुरू करा.

सगळ्यात स्वस्त उपचार आपल्या घरात आहे, तो म्हणजे बारीक दातांची फणी. केसांना भरपूर तेल लावा, आधी साध्या कंगव्याने गुंता सोडवा. मग फणी टाळूला टेकवून केसाच्या टोकापर्यंत ओढा आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. सगळे डोके असे दोनदा विंचरा. मात्र एकदा विंचरून भागत नाही. ऊ रोज ६ ते ८ अंडी घालते, ती साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात, आणि आणखी आठ-दहा दिवसांत नवी ऊ अंडी घालू लागते. म्हणून पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी विंचरायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार खुणा करून ठेवा. सतराव्या दिवशी पुन्हा तपासा. एकही चालती ऊ दिसली नाही तर काम झाले. याला पाणीही फारसे लागत नाही.

औषध लावायचे असेल तर १ टक्का परमेथ्रिनचे लोशन मिळते. केस शाम्पूने धुऊन तेल काढून टाका, टॉवेलने पुसा, लोशन लावा, १० मिनिटांनी धुऊन टाका. डोळे मिटून ठेवायला सांगा. नवव्या दिवशी पुन्हा एकदा लावा. हा दुसरा हात चुकला की उवा परत येतात, आणि मग ‘औषधात दम नाही’ असे आपण म्हणतो. खरजेसाठी मिळणारे ५ टक्क्यांचे मलम वेगळे, ते परस्पर डोक्याला लावू नका. दोन वर्षांखालील बाळ असेल, घरात गरोदर बाई असेल किंवा डोक्यावर पिकलेल्या जखमा असतील, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. दोनदा लावूनही उवा चालताना दिसल्या तर औषध वाढवत नेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

काय लावू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे. रॉकेल लावू नका. त्याने कातडी भाजते आणि चुलीजवळ गेलेले लेकरू पेटू शकते. डांबर गोळ्यांची पूड आणि मुंग्या-झुरळांचा खडू केसांत घासू नका. सीताफळाच्या बिया वाटून लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. आणि कपाशीवर फवारायचे औषध डोक्याला कधीही लावू नका, थेंबभरसुद्धा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात ही औषधे फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कष्टाने टणक झालेल्या माणसाचे जे झाले, ते लेकराच्या कोवळ्या टाळूचे काय होईल? मुलीचे केस तिच्या मनाविरुद्ध भादरणे हासुद्धा उपचार नव्हे, ती शिक्षा आहे.

विंचरायचे ते घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. एका पोरीच्या उवा काढल्या आणि शेजारी झोपणाऱ्या आजीच्या राहिल्या, तर आठवड्यात पुन्हा तेच. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, म्हणून सारे घर धुऊन काढायची गरज नाही. गोधडी-उशी कडक उन्हात टाका, फण्या गरम पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवा.

हे एकेका घराचे काम नाही. उवा लपवल्या की शेजारी पसरतात, आणि लपवाव्या लागतात त्या लाजेमुळे. मंठा, परतूर, घनसावंगीकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोपीत सगळी लेकरे दाटीवाटीने झोपतात. ती गावी परतली की ‘त्यांच्या पोरांत मिसळू नको’ हे वाक्य आपल्याच वस्तीत ऐकू येते. जे आपण शाळेत सहन करत नाही, ते आपल्या गल्लीत तरी कसे चालेल?

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या माता-भगिनी ग्रंथवाचनासाठी विहारात जमतात. त्याच काळात चार रविवार ठरवा. दुपारी विहाराच्या अंगणात फण्या, तेल आणि पांढरी फडकी घेऊन बसा. रविवारी तपासणी आणि पहिले विंचरणे तिथे करा, मधले दिवस घरी. सगळ्या लेकरांची डोकी पाहिली की कोणाच्याच लेकराकडे बोट दाखवले जात नाही. आशाताईंनाही बोलवा.

शाळेतही बोला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे आपल्या बाया बसल्या पाहिजेत आणि बोलल्या पाहिजेत. शिक्षकांना उवा दिसल्या तर त्यांनी पालकाला एकट्याला सांगावे, सगळ्या वर्गाच्या पालकांना तपासणीची चिठ्ठी द्यावी, पण लेकराला त्याच्या जागेवरून उठवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते. ते कधी येणार, हे आधीच विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. डोक्यात जखमा असतील तर त्यांना दाखवा.