धुके बाहेरचे आणि काचेवरचे

१६ डिसेंबर २०२५ च्या पहाटे मथुरेजवळ यमुना एक्स्प्रेस-वेवर दाट धुक्यात बसगाड्या आणि मोटारी एकमेकांवर आदळल्या, काहींनी पेट घेतला आणि दहाहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्येही याच मार्गावर मोटारींची रांग एकमेकींवर आदळतानाचे दृश्य देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले होते. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर दोष धुक्याला दिला जातो आणि चर्चा तेथेच थांबते. धुके माणसाच्या हाती नाही, हे खरे. परंतु त्या धुक्यात किती वेगाने जायचे आणि कोणत्या काचेतून पाहायचे, हे मात्र पूर्णपणे माणसाच्या हाती आहे.

प्रथम वेगाचा हिशेब. दृश्यमानता ५० मीटरपेक्षा कमी झाली की हवामान खाते त्यास अतिदाट धुके म्हणते. यमुना एक्स्प्रेस-वेवर गेली काही वर्षे हिवाळ्यात लहान वाहनांची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरवर आणली जाते. ७५ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे २१ मीटर अंतर कापते. समोरचा अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ३१ मीटर सरतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबण्यास आणखी पस्तीसेक मीटर लागतात. म्हणजे एकूण ६५ मीटरहून अधिक. दिसते ५० मीटर आणि थांबण्यास लागतात ६५, हे गणित कोणत्याही कौशल्याने सुटणारे नाही. त्यातच पुढची काच आतून धूसर असेल, तर अडथळा ओळखू येण्यास आणखी एखादा सेकंद लागतो. तो एक सेकंद म्हणजे २१ मीटर.

काच धूसर का होते?

थंडीत मोटारीची काच बाहेरच्या हवेने गार पडते. आत बसलेल्या चार-पाच जणांच्या श्वासातील बाष्पाचे या गार काचेला लागून पाणी होते आणि तिच्यावर सूक्ष्म थेंबांचा पापुद्रा चढतो. वायपर तेथे निरुपयोगी ठरतो, कारण थेंब आतल्या बाजूस असतात. बहुतेक चालक अशा वेळी हाताने किंवा हाताशी असलेल्या फडक्याने काच पुसतात. त्याने क्षणभर दिसू लागते, पण हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर फाकतो. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ, धूळ आणि सिगारेटचा धूर यांचा थर आधीच असेल, तर पहाटेच्या तिरप्या उन्हात समोर निव्वळ पांढरा पडदा उभा राहतो.

यावरचा उपाय शास्त्राने सोपा केला आहे. एसीच्या गार नळ्यांवर हवेतील बाष्प साचून हवा कोरडी होते. तीच हवा हीटरने उबदार करून काचेवर सोडली, की पापुद्रा मिनिटाभरात विरतो. मात्र आतलीच हवा फिरवत ठेवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी लागते, अन्यथा श्वासाचे बाष्प आतच कोंडून राहते. हिवाळ्यात एसीचे काय काम, या समजापोटी नेमके हेच केले जात नाही. महाराष्ट्रातील चालकाची सवय पावसाळ्यातील घाटांत घडलेली असते. पावसात एसी फार गार ठेवला, तर बाष्प काचेच्या बाहेरून धरते आणि वायपर फिरवला की काम भागते. हा अनुभव घेऊन जानेवारीत पहाटे उत्तरेकडे निघालेल्या किंवा विदर्भातील थंडीत समृद्धी महामार्गावर गाडी घालणाऱ्या चालकाची गफलत होऊ शकते.

परंतु सारी जबाबदारी चालकावर टाकणेही न्याय्य नाही. मालमोटारींच्या चालक-कक्षात एसी सक्तीचा झाला तो २०२५ पासून, आणि तोही नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड वाहनांपुरता. त्याआधीच्या असंख्य मालमोटारी पुढील अनेक वर्षे रस्त्यावर राहणार आहेत. त्यांचा चालक रात्रभर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडके घेऊन धुक्यातून वाट काढतो. मोटारींच्या स्वस्त आवृत्त्यांत मागच्या काचेचा डीफॉगर आणि वायपर अनेकदा वगळलेले असतात. दिसणे ही सुरक्षेची पहिली अट असताना तिची गणना चैनीत होते, हे या बाजारपेठेचे वैगुण्य आहे.

कायद्याची नजरही एकाच बाजूस वळलेली दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर काळ्या फिल्मवर ठिकठिकाणी कारवाई झाली. मात्र झिजलेले वायपर आणि मळकट काच घेऊन टोलनाका ओलांडणाऱ्या वाहनास कोणी हटकल्याचे क्वचितच आढळते. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत बर्फाळ हवेत निघण्यापूर्वी सर्व काचांवरील हिम आणि बर्फ काढून टाकण्याचे स्पष्ट बंधन आहे. समोर वीतभर जागा पुसून गाडी हाकणे तेथे चालत नाही. आपल्याकडे धुक्याच्या दोन महिन्यांत टोलनाक्यांवर काच आणि वायपर तपासणे, तसेच दृश्यमानता घटली की वेगमर्यादा त्या प्रमाणात आणखी खाली आणणे, हे फार खर्चाचे काम नाही.

अपघातानंतर चौकशी होते, मदत जाहीर होते आणि फेब्रुवारीत धुके विरले की विषयही विरतो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या संख्येतून धुक्याचा वाटा पूर्णपणे वजा करता येणार नाही. काचेवरच्या धुक्याचा मात्र येईल. त्यासाठी निघण्यापूर्वीची दोन मिनिटे आणि एक स्वच्छ कापड पुरेसे आहे. आणि समोरचे दिसतच नसेल, तर रस्त्यावर मध्येच न थांबता गाडी पेट्रोलपंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात उभी करून धुके ओसरण्याची वाट पाहणे, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.