खर्जाची हद्द

नवी मोटार दारात आली, तिला हार घालून पेढे वाटून झाले, की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत तिच्यावर जो पहिला संस्कार होतो तो बहुधा ध्वनीचा असतो. कंपनीने बसवून दिलेले मागचे स्पीकर मालकाच्या, आणि त्याहून अधिक मालकाच्या चिरंजीवांच्या, पसंतीस उतरत नाहीत, आणि थोड्याच दिवसांत ती गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानापुढे दरवाजांची अस्तरे उतरवून उभी असलेली दिसते. मागणी दोन शब्दांची असते : ‘बेस पाहिजे’. या मागणीला उधळपट्टी म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ असले, तरी माणसाच्या कानाला खर्जाची ओढ असणे हे नैसर्गिक आहे, आणि ज्याने स्वकष्टाच्या पैशाने गाडी घेतली त्याने तीत गाणे चांगले ऐकावे यात आक्षेपार्ह असे काहीच नाही. आक्षेप आहे तो हा पैसा ज्या रीतीने खर्च होतो तिच्यावर. कारण त्या रीतीने गाडीतल्याला संगीत मिळत नाही आणि गाडीबाहेरच्याला शांतताही मिळत नाही.

ज्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यातील माळरानावर वालचंदनगर वसविले, त्यांनीच १९४४ साली मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली, आणि त्या कारखान्यातून निघालेल्या फिआट गाड्या या भागातील बागायतदारांच्या दारात मोठ्या मानाने उभ्या राहिल्या. त्या काळी गाडीतला रेडिओ ही हौसेने वेगळी बसवून घेण्याची वस्तू होती, आणि नुसता रेडिओ ऐकण्यासाठीही पोस्टातून सरकारी परवाना काढून त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागे. १९८० च्या दशकात ती अट गेली, ते योग्यच झाले. परंतु ऐकण्यावरचे सरकारी नियंत्रण गेले तरी ऐकविण्यावरचे आपले स्वतःचे नियंत्रणही त्यासोबत जावे, असा त्याचा अर्थ नव्हता.

खर्ज म्हणजे काय हे शिकण्यासाठी या मुलखातील माणसाला दुकानात जाण्याची खरोखर गरज नाही. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामती सोडून काटेवाडीवरून पुढे येते, बेलवाडीला गोल रिंगण होते, आणि त्या वेळी शेकडो टाळांच्या किणकिणाटाखालून पखवाजाचा जो गंभीर नाद उठतो तो कानांइतकाच छातीलाही ऐकू येतो. पखवाजी आपल्या वाद्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे धुमेला, भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतो, थाप मारून पाहतो, थोडी कणीक काढतो, पुन्हा लावतो, आणि नाद मनासारखा खोल उतरल्यावरच बोटे पुसून बसतो. या सगळ्या खटाटोपात मोठेपणापेक्षा नेमकेपणाची साधना असते. धुमेवर थाप पडली की नाद उमटतो आणि पुढची मात्रा येण्याच्या आत तो आवरला जातो. तो न आवरला तर ठेका चिखलात रुतल्यासारखा होईल आणि अभंगाचे शब्द कळेनासे होतील. वेळेवर सुरू होणे आणि वेळेवर थांबणे हे उत्तम खर्जाचे लक्षण होय, आणि मोटारीतल्या खर्जालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

या कसोटीवर कंपनीचे स्पीकर का उतरत नाहीत हे पाहू गेल्यास दोष एकट्या स्पीकरचा नसतो. स्पीकरचा पडदा पुढे हलतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन्ही लहरी एकत्र आल्या की परस्परांना खाऊन टाकतात, आणि खालच्या स्वरांत हा नाश सर्वांत अधिक होतो. मोटारीच्या दरवाजाचे अस्तर काढले की आतल्या पत्र्याला काच आणि कुलूप दुरुस्त करण्यासाठी ठेवलेली हाताएवढाली भोके दिसतात, त्यांवर बहुधा पातळ प्लास्टिकचा कागद चिकटविलेला असतो, आणि मागची लहर या भोकांतून सुखाने बाहेर येऊन पुढच्या लहरीला गाठते. ही भोके बंद करून पत्र्यावर डांबरासारखे चिकट ब्युटिलचे तक्ते दाबून बसविले, तर आहे तोच स्पीकर असा वाजू लागतो की नवा घेण्याचा विचार कित्येकांना सोडून द्यावासा वाटेल. शिवाय बेसबरोबर होणारी पत्र्याची थरथर, जिला आपण चुकून बेसच समजत असतो, तीही थांबते.

दुसरा भ्रम वॅटचा. खोक्यावर हजार वॅट छापलेले असतात. परंतु गाडीच्या बारा व्होल्टच्या विजेवर चालणारा कंपनीचा डेक, इंजिन चालू असतानाही, प्रत्येक स्पीकरला सलगपणे वीस वॅटच्या आसपासच शक्ती देऊ शकतो. खरा आकडा हवा असेल तर सलग मिळणारी शक्ती, म्हणजे आरएमएस, किती हे विचारावे. आवाज ३ डेसिबलने वाढविण्यास शक्ती दुप्पट लागते, आणि तो कानाला दुप्पट वाटावा म्हणून दसपट लागते. म्हणून ज्याची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत मिळणारा आवाज, ८८ ऐवजी ९१ डेसिबल आहे असा स्पीकर निवडणे म्हणजे ॲम्प्लिफायर दुप्पट करण्याचा खर्च वाचविणे होय. लहान स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचे स्वर पेलत नाहीत. ते स्वर क्रॉसओव्हरने त्यांच्याकडून काढून घेऊन वूफरकडे सोपवावेत, म्हणजे प्रत्येकास झेपेल तेवढेच काम मिळते. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर सर्व साहित्य उत्तम असूनही बेस नाहीसा होतो, आणि ग्राहक मात्र आणखी मोठा वूफर घेण्याच्या तयारीला लागतो.

मग मागच्या स्पीकरांचे काय? गायक आपल्यासमोर बसून गातो, पाठीमागून नव्हे. त्यामुळे पहिला खर्च पुढच्या दरवाजांवर व्हावा हे उघड आहे. अगदी खालच्या स्वरांची दिशा कानाला कळत नाही, तेव्हा वूफर डिकीत असला तरी बिघडत नाही, आणि मागचे स्पीकर मागे बसलेल्यांपुरते मंद ठेवले म्हणजे पुरे. आमच्याकडे क्रम नेमका उलटा आहे. डिकीवरच्या पुठ्ठ्याच्या ट्रेला भोके पाडून त्यांत सहा बाय नऊ इंची, वजनदार चुंबकांचे स्पीकर बसवितात. तो ट्रे गाडीला पक्का जखडलेला नसतो, आणि करकचून ब्रेक लागल्यास ते वजन मागे बसलेल्या मुलांच्या डोक्यावर येऊ शकते, याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत ओढलेल्या तारेवर, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, फ्यूज असलाच पाहिजे आणि ती तार पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे असलेच पाहिजे. ही दोन स्वस्त साधने वगळल्यास तार घासून गाडीला आग लागण्याचे भय राहते, आणि कंपनीची वायरिंग कापलेली असल्यास वॉरंटीचा दावा नामंजूर होण्याचा धोकाही पत्करावा लागतो.

हे सर्व मालकाच्या हिताचे झाले. परंतु खर्जाचा एक गुणधर्म असा आहे की तो मालकापाशी थांबत नाही. ४० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. काच, पत्रा आणि विटांची भिंत यांना ती फारसे जुमानत नाही, आणि म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतले गाणे घरात ऐकू येत नाही, मात्र त्याचा धक्का माजघरात निजलेल्या रुग्णाला जाणवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. कायदा आहे, अंमल मात्र गणेशोत्सवापुरता आणि लग्नसराईपुरता जागा होतो.

या प्रश्नाचे सर्वांत गंभीर स्वरूप गळीत हंगामात दिसते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, या कारखान्यांची धुराडी पेटली की दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर येतात, आणि त्यांच्या टपावर बसविलेल्या कर्ण्यांचा व बूफरचा आवाज ट्रॅक्टर दिसण्याच्या आधी पोहोचतो. या चालकांची चेष्टा करणे सोपे आहे. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर इंजिनाचाच आवाज कानाशी नव्वद डेसिबलच्या घरात असतो. वजनकाट्यापुढे नंबर लागेपर्यंत रात्र थंडीत काढायची असते, आणि गाणे बंद केले तर डोळा लागतो. त्यांची गरज खरी आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ९० डेसिबलचा आवाज आठवड्यातून चार तास आणि १०० डेसिबलचा वीस मिनिटेच सुरक्षित धरला जातो, आणि इंजिनावर मात करणारे गाणे या दुसऱ्या आकड्याच्या दिशेनेच जाते. त्याहून तातडीचा धोका असा की मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही. आणि मागचे दृश्य तर उसाच्या मोळ्यांनी आधीच झाकलेले असते.

येथे दंडाच्या पावत्या फाडण्यापेक्षा अधिक उपयोगी तजवीज कारखान्यांच्या हाती आहे. हंगामापूर्वी वाहतूकदार कारखान्याशी करार करतो, उचल घेतो आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून घेतो. त्याच करारात एक कलम घालावे की टपावरचे बाहेर तोंड केलेले कर्णे उतरवावेत आणि चालकाच्या आसनाजवळ, त्याच्याच दिशेने तोंड केलेला एक लहान स्पीकर ठेवण्यास मुभा असावी. अंतर कमी झाले की तेच गाणे पुष्कळ कमी शक्तीत ऐकू येते. त्याबरोबरच काट्यापुढची रांग टोकन देऊन अशी लावावी की चालकास चार तास निजता येईल; झोप झालेल्या माणसाला जागे राहण्यासाठी बूफर लागत नाही. बारामतीच्या परिवहन कार्यालयाने रिफ्लेक्टरच्या तपासणीबरोबर हीही तपासणी करावी, आणि दुकानदारांनी आपल्या बिलावर आरएमएस वॅट, फ्यूज आणि तारेची जाडी लिहून देण्याचा रिवाज पाडावा. यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करावा लागत नाही.

गाडीवाल्यांस सांगावयाचे ते थोडके आहे. पैसा आधी दरवाजाच्या पत्र्यावर, मग पुढच्या स्पीकरांवर, मग एका बेताच्या वूफरवर आणि उरला तर मागे खर्च करावा. आणि काम पूर्ण झाल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी काचा बंद करून, गाणे चालू ठेवून, आपण खाली उतरून दहा पावले दूर उभे राहावे. तेथे धक्का जाणवत असेल तर काम अपुरे झाले आहे, असे समजून गाडी पुन्हा आत घ्यावी.