भरतीसाठी धावा, पण आधी सिकलसेल तपासा

भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांमध्ये धावणे सुरू होते आणि निकाल लागला की बंद होते. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावावे लागते. वर्षभर बसून राहायचे आणि शेवटच्या महिन्यात रोज जीव तोडून पळायचे, ही पद्धत आम्हाला मान्य नाही.

दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायूबंध तयार व्हायला काही महिने लागतात. म्हणून तयारी किमान तीन महिने आधी सुरू करावी. आठवड्यातून चार दिवस पुरेत. त्यातले तीन दिवस सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावा, एक दिवस वेगाचा ठेवा. नडगीत एकाच जागी दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका. अंगातले पाणी कमी झालेले असताना ती गोळी किडनीला घातक ठरते.

मुलींनी हिमोग्लोबिन तपासूनच सुरुवात करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. 12 च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर कितीही सराव केला तरी दम लागणारच.

आता सर्वांत महत्त्वाचे. विदर्भात आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. ‘एएस’ म्हणजे वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, त्यामुळे त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. पण उन्हात, पाणी न पिता, ताकदीबाहेर धावले तर अशा माणसाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. मग स्नायू फुटतात आणि त्यातला रंगद्रव्याचा भार किडनीवर येतो. मांड्या, पोटऱ्या, कंबर दुखून पाय गळतात, लघवी काळ्या चहासारखी होते. अशा वेळी ‘नाटक करू नकोस, ऊठ’ म्हणणारा प्रशिक्षक जिवावर बेततो. मुलाला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, 108 ला फोन करा.

म्हणून वाहकांनी धावू नये काय? धावावे. अमेरिकी लष्करातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. तिथे सगळ्यांनाच पाणी, विश्रांती आणि उन्हापासून संरक्षण सक्तीचे होते. वाहकांमध्ये स्नायू फुटण्याचे प्रमाण जास्त होते, पण मृत्यूचे प्रमाण जास्त नव्हते. याचा अर्थ, व्यवस्था नीट असेल तर जीव वाचतो. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मैदानात उतरू नये.

आपल्या घरात तपासणीची लाज बाळगली जाते. लग्न मोडेल, नोकरी जाईल, ही भीती आम्ही रोज ऐकतो. ती खोटी नाही, पण अहवाल लपवल्याने रक्त बदलत नाही. मुलगा धावायला लागण्याआधी सरकारी दवाखान्यात त्याची सिकलसेल तपासणी करून घ्या. ती सकारात्मक आली तर एएस की एसएस हे सांगणारी पुढची तपासणीही करा.

आणि वस्तीतल्या मंडळांनी भरतीच्या मैदानावर पाणी, सावली आणि रुग्णवाहिका आहे की नाही, हे अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. नोकरी मागायला गेलेल्या पोराला घोटभर पाणी मिळणे ही कुणाची मेहरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे.